न कापलेलं कलिंगड

निवृत्तीचे पैसे गुंतवण्यासाठी बँकेने एक फॉर्म दिला होता. त्यात विचारलं होतं, रक्कम अचानक घटली तर तुम्ही काय कराल? मी ऐटीत 'शांत राहीन' यावर खूण केली.

तो फॉर्म घेऊन बँकेतून घरी येताना मी आणि बायको कोपऱ्यावरच्या कलिंगडाच्या गाडीपाशी थांबलो. मी पाच कलिंगडं वाजवून पाहिली. सहाव्याची फोड काढून दाखवायला सांगणार, तोच हिने एक उचललं.

"अगं, पांढरं निघालं तर?"

"निघालं तर बघू."

घरी कापलं आणि ते खरंच फिकट निघालं. मी तासभर गाडीवाल्याला नावं ठेवत बसलो. पावसाळ्यात हरवलेल्या एका छत्रीबद्दल माझे वडील दिवाळीपर्यंत बोलत होते. मी त्यांचाच मुलगा. वस्तू निवडताना माणूस चौकस दिसतो, नाहीतर धीट. त्याचा खरा स्वभाव कळतो तो निवडलेलं फसल्यावर, आणि तेव्हा समोर फॉर्म नसतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून किसणीचा आवाज आला. हिने तो फिकट गर किसला, त्यात तांदळाची पिठी आणि गूळ घातला आणि धिरडी घातली. "गरम आहेत तोवर खा," म्हणाली.

तिसरं धिरडं संपवून मी फॉर्म काढला, माझी खूण खोडली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

"तूच भर."

पदराला हात पुसत ती म्हणाली, "भरते. पण उद्या पैसे कमी झाले, तर त्या गाडीवाल्याला बोलायचं नाही."