दुसऱ्यांदा विचारा

"सर, हे पाहुण्यापुरतं उत्तर झालं. आता दुसऱ्यांदा विचारा."

असं म्हणताना ताई तव्यावरची भाकरी उलटावी तसा डाव्या हाताचा पंजा हवेत उलटा करायच्या. तुमच्यापैकी जे कोणी आमच्याबरोबर नवापूरच्या डोंगरात कामाला होते, त्यांना तो हात नक्की आठवेल. ताईंवर काहीतरी लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. संस्थेच्या स्मरणिकेसाठी सांगितलं, त्या गेल्यावर पुन्हा सांगितलं. मी दर वेळी डोळ्यांचं कारण पुढे केलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तरी माझं कारण तेच राहिलं. ताईंवर लिहायचं म्हणजे एका दुपारवर लिहायचं, आणि त्या दुपारकडे मला वळायचं नव्हतं.

परवा पेपरात एक छोटी बातमी होती. युरोपातल्या एका लहानशा देशाने परदेशांना द्यायच्या मदतीला मोठी कात्री लावली. पैसा आता फौजेकडे वळणार. बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला, पुन्हा उघडला. मग म्हटलं, आता लिहूनच टाकू.

त्याच देशाच्या सरकारच्या पैशावर आमचा प्रकल्प चालायचा. मी त्याचा समन्वयक. तिकडच्या वकिलातीने एका वर्षी कॅलेंडर पाठवलं, त्यात बाराही महिने गायी. तेव्हापासून पाड्यापाड्यांवर तो 'गायींचा देश' झाला. गायींच्या देशात निवडणूक झाली की इकडे आमचे बोर्ड रंगवायला निघत. पहिल्यांदा बोर्डावर 'पाणी' होतं, मग 'महिला' आल्या, मग 'हवामान' आलं, शेवटी 'भागीदारी'. डोंगरातलं काम तेच: झऱ्याचं पाणी पाइपाने पाड्यावर आणायचं. ताईंनी एकदा पेंटरला विचारलं, "का रे, त्यांच्याकडे पण सरपंच बदलला की आधी बोर्डच बदलतो का?"

ताई त्या डोंगरातल्याच. चर्चमध्ये जाणारं, शेती आणि मजुरी दोन्ही करणारं घर. आमच्याकडे त्या गावकार्यकर्ती म्हणून लागल्या. गरीब, अबोल, कष्टाळू बाई अशी काही मूर्ती तुम्ही डोळ्यांपुढे आणू नका. ताई मिजासखोर होत्या. मीटिंगला हटकून उशिरा यायच्या. फोटो निघणार असेल तर पावडर लावून यायच्या. एका पाहुणीने दिलेला काळा गॉगल त्या चर्चमध्येसुद्धा काढत नसत, आणि तिथे बेसूर पण सगळ्यांत वरच्या पट्टीत गात. माझ्या तोंडावर म्हणायच्या, "सर, तुमचं इंग्रजी फार लांबलचक. मी एवढंसं बोलते आणि तुम्ही तेच केवढं सांगता!"

तेव्हा तोंडावर मी त्यांना 'ताई' म्हणत असलो तरी मनातल्या मनात एकेरीवर असायचो. आज हात आपोआप अहो-जाहो लिहितो.

दर वर्षी गायींच्या देशातून पाहणीला माणसं यायची. त्यांची प्रमुख एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. ती इंग्रजीत विचारायची, मी मराठीत सांगायचो, ताई पाड्यावरच्या बायांना त्यांच्या मावची बोलीत सांगायच्या. उत्तर त्याच वाटेने परत यायचं. पण ताई नुसतं सांगत नसत. त्या प्रश्नाची नक्कल करायच्या, त्या बाईचं लांब ढांगांचं चालणं करून दाखवायच्या. सगळ्या बाया हसायच्या, आणि माझं भाषांतर सुरू होण्याआधीच ती पाहुणीही हसायला लागायची. मला मावची येत नव्हती. सगळी माणसं हसत असताना मी मध्ये पाइपाच्या तुकड्यासारखा उभा. माझ्यातून सगळं जायचं, माझ्यापाशी काही थांबायचं नाही.

परतीच्या वाटेवर पाहुणी एकच बोलायची: काय ही बाई, काय हिचं हसणं. अहवाल मी लिहायचो, नकाशे मी काढायचो. त्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मात्र गॉगल घातलेल्या ताई आल्या. आमचा ड्रायव्हर कोरीट गावचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "सर, तुमले कोन इचारस? त्या गोऱ्या तं ताईलेच दखाले येतस." मी हसलो. रात्री जेवलो नाही.

हेवा हा शब्द मी तेव्हा स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. मी त्याला 'शिस्तीचा प्रश्न' म्हणायचो. ताई उशिरा आल्या, मेमो. ताईंनी परस्पर पाहुण्यांना घरी नेलं, मेमो. त्या मेमोंवर ताई नातीला चित्रं काढायला द्यायच्या आणि ती चित्रं मलाच आणून दाखवायच्या.

'दुसऱ्यांदा विचारा' हेही त्यांनीच मला शिकवलं. आमच्या प्रकल्पाच्या सुरुवातीला मी पाड्यावर जाऊन विचारायचो, काही अडचण आहे का? लोक म्हणायचे, काही नाही, सगळं बरं आहे. मी तसं लिहून घ्यायचो. ताई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "सर, दारात आलेल्या माणसाला कोण सांगेल, माझ्याकडे हे नाही, ते नाही? तो काय देणेकरी आहे? पहिल्यांदा विचारलं की काही नको असंच म्हणायचं. मग त्याला जेवू घालायचं. जेवून उठल्यावर त्याने परत विचारलं, तर त्याला खरंच ऐकायचं आहे. मग सांगायचं."

पुढची सगळी वर्षं आम्ही तसंच केलं. पाहुणे आले की आधी नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, प्रश्न नंतर. ठेच्याने पाहुण्यांचे कान लाल व्हायचे, आणि ताई म्हणायच्या, "आता यांना आमचं खरं सांगितलं तरी चालेल. रडायला डोळे तयार आहेत."

आता ती दुपार.

गायींच्या देशात सरकार बदललं होतं. नवीन धोरण आलं: जिथले लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले तिथून हात काढायचा, जिथे गरज आहे तिथे आणखी एक टप्पा द्यायचा. आमच्याकडे दोन भाग होते. एक ताईंचा डोंगर. दुसरा शहाद्याकडचा, तापीकाठचा सपाटीचा, केळी-उसाची गावं. मी मूळचा ब्राह्मणपुरीचा, घर लोणखेड्याला. तो भाग माझा. दोन्हींपैकी एकच राहणार होता.

डोंगरात एक काम बाकी होतं. सगळ्या पाड्यांवर नळ गेले होते, एक सोडून. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या त्या पाड्याला सौर पंप आणि टाकी लागणार होती. तो पाडा ताईंचा स्वतःचा. "आधी माझ्या दारात नळ आणला तर लोक काय म्हणतील? माझा पाडा शेवटी," असं त्यांनीच ठरवलं होतं. तोवर तिथल्या बाया टेकडी उतरून झऱ्यावर जात आणि हंडा घेऊन चढत. ताईंची सूनही त्यांतच.

त्या दिवशी पाहुण्यांना सुरतेहून विमान पकडायचं होतं. मी कार्यक्रम आखला आणि प्रश्न जेवणाआधी ठेवले. चर्चच्या पत्र्याच्या मांडवात सगळे बसले. आतून भाकऱ्यांचा वास येत होता. पाहुणीने या वेळी बायांना नाही, थेट ताईंना विचारलं: आमचा कार्यक्रम इथून थांबला, तर तुमचं काय अडेल?

ताई नेहमीसारख्या हसल्या. म्हणाल्या, "काही अडणार नाही. तुम्ही इतकं केलंत. आम्हाला हातपाय आहेत. तुम्ही फक्त येत जा."

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. माझं भाषांतर इतकं नेमकं आणि इतकं आखूड कधीच झालं नव्हतं.

पाहुणीचे डोळे भरून आले. हेच ऐकायला आपण इतकी वर्षं येत होतो, असं ती म्हणाली आणि लिहून घेतलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. बायांना त्या स्वतः दुसऱ्यांदा विचारायच्या. आज उत्तर त्यांचं होतं, त्यामुळे विचारणारा मी. त्यांचा डावा हात मांडीवर होता. तो किंचित उलटला. मी पाहिला.

मी पेनाचं टोपण लावलं आणि पाहुणीला म्हणालो, निघायला हवं, उशीर होतोय.

उशीर होत नव्हता. भाकऱ्या डब्यात भरून गाडीत ठेवा, असं मी सांगितलं. गाडी सुरू झाली तशा ताई धावत खिडकीपाशी आल्या. "सर, बाईंना सांगा, जेवून जा म्हणावं. दोन घास तरी. जेवून जा म्हणावं."

"काय म्हणते ती?" पाहुणीने विचारलं.

"प्रवास सुखाचा होवो म्हणते," मी सांगितलं.

घाट उतरताना ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई तं जेवाले बलाई ऱ्हायनी व्हती, सर."

"वेळ नाही."

"येळ तं शे."

मी खिडकीची काच वर केली.

डोंगराचं काम बंद झालं. अहवालात लिहून आलं की इथला समाज स्वावलंबी झाला आहे, आणि खाली ताईंचं वाक्य, नावानिशी. सपाटीला पुढचा टप्पा मिळाला. मला मुदतवाढही.

ताई नंदुरबारला ऑफिसात आल्या. गॉगल नव्हता. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाल्या, "सर, मी काय वाईट बोलले हो? त्या बाई नाराज होऊन गेल्या का? जेवल्यासुद्धा नाहीत."

"नाही ताई. तिकडचं धोरण बदललं."

"मग त्या धोरणाला एकदा आपल्याकडे जेवायला आणा ना," ताई म्हणाल्या. आणि स्वतःच हसल्या, पण हसणं अर्ध्यातच संपलं. "पाड्यावरच्या बाया म्हणतात, ताईला बोलता आलं नाही. खरं आहे. एवढी वर्षं बोलले आणि वेळेला माझंच तोंड चुकलं."

मी चहा मागवला. धोरण बदललं होतं हे काही खोटं नव्हतं. त्या एका शब्दाच्या आड माझ्यासारखा माणूस सहज मावायचा.

आणि मला काय मिळालं? पाहुणी सपाटीवर आली. आमच्या शेतकऱ्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, पहिल्याच प्रश्नाला मागण्यांची यादी वाचली. सगळं वेळेवर झालं. कोणी हसलं नाही. गाडीत बसताना तिने मला विचारलं, "आणि ताई कशा आहेत?" त्या दिवशीही मला हेवाच वाटला. इतकं करूनही ताई तिथेच होत्या, माझ्यापुढे.

निवृत्त झाल्यावर एकदा मी बसने नवापूरला गेलो आणि तिथून जीपने वर. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ताई दारात बाजेवर बसल्या होत्या, गुडघे धरलेले. मला बघून आत ओरडल्या, "अगं, सर आले, गॉगल आण माझा!" सुनेने तांब्या पुढे केला. ते पाणी कुठून, किती चढून आलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी ते प्यालो.

"इतक्या लांब आलात, सर. काही काम होतं?"

"काही नाही, सहज."

त्या हसल्या. भाकरी वाढली, डाळ वाढली, ठेचा वाढला. माझं जेवण झालं. मी हात धुतले. मग त्यांनी डावा पंजा हवेत उलटा केला.

"हं. आता सांगा, सर. कशाला आलात?"

ड्रायव्हरने त्यांना त्या दुपारचं काही सांगितलं होतं की काय, मला माहीत नाही. गॉगलमागे डोळे दिसत नव्हते. मी म्हणालो, "खरंच काही नाही, ताई. तुम्हाला बघितलं, तेच खूप."

"बरं," त्या म्हणाल्या. निघताना नागलीच्या पिठाची पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली आणि जीप वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

पुढे ड्रायव्हरचाच फोन आला. "सर, ताई गई." मी पोहोचलो तेव्हा माती लोटून झाली होती. लाकडी क्रूसावर कोणीतरी तो गॉगल अडकवला होता. सून शेजारी उभी होती, तिने विचारलं, "सर, काही बोलायचंय का?" लोक माझ्याकडे बघत होते. मी नकारार्थी मान हलवली आणि मागे सरलो.

तेव्हा जे बोलायचं होतं ते इतकंच. ताई, तुमचं तोंड चुकलं नव्हतं. तुम्ही उत्तर बरोबर दिलं होतं आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होता. मला तो प्रश्न येत होता, तुम्हीच शिकवला होता. मी तो विचारला नाही, कारण त्या बाईने एकदा तरी तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं. मला माफ करा.