न बोलणारा मेंबर

आप्पा, म्हणजे माझे वडील, गुडघ्यांमुळे गाव सोडून बीडला माझ्याकडे राहायला आले. नांदूरघाटाजवळचं आमचं छोटं गाव आता त्यांच्यासाठी मोबाईलमधल्या ग्रुपपुरतं उरलं होतं. सकाळी चहाबरोबर ते सगळं वाचत: कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या शेताजवळचा विजेचा डीपी जळाला, कोण गेलं. गुलाबाची फुलं आणि पुढाऱ्यांचे वाढदिवससुद्धा सोडत नसत. लिहीत मात्र कधीच नसत.

"अशांना लर्कर म्हणतात," पुण्यात शिकणारी माझी मुलगी म्हणाली. "दबा धरून वाचणारे."

"दबा धरून बिबट्या बसतो," आप्पा म्हणाले. "मी पलंगावर बसतो."

ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे गावातला पंचेचाळिशीचा युवा नेता. शुभ सकाळही तो स्वतःच्या फोटोसकट देतो. एकदा त्याने फर्मान काढलं: मुक्या मेंबरांनी रविवारपर्यंत किमान हात तरी जोडावेत, नाहीतर बाहेर. मी आप्पांना म्हटलं, एक अंगठा टाका, मिटेल.

"पारावर गप बसणाऱ्याला कुणी उठीवलंय का कधी?" ते म्हणाले आणि पुढचा मेसेज वाचू लागले.

रविवारी दुपारी त्यांना काढलं. त्यानंतर ते चष्मा लावून फोन हातात घेत आणि दोन्ही परत खाली ठेवत. सोमवारी त्यांनी मला पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवल्या. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या फोनवरून अंगठा मलाही टाकता आला असता.

बुधवारी सकाळी फोन वाजला. आप्पा स्पीकरवरच बोलतात. पलीकडे युवा नेता होता, पण आवाजात भाषण नव्हतं.

"आप्पा, तब्येत बरी हाय ना? आईचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं. ग्रुपवर टाकलतं, लोकांनी लई हात जोडले. पण आई सारखं म्हणती, तुमचा फोन कावून आला न्हाई?"

मी कामावर गेल्यावर आप्पा दुपारभर काय करत, ते मला तेव्हा कळलं. सकाळी वाचायचं आणि दुपारी ज्याची बातमी त्याला फोन लावून विचारायचं. चारचौघांत लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"मला कसं कळणार बे?" आप्पा म्हणाले. "तूच काढलंस की."

युवा नेता म्हणाला, "चुकलं आप्पा. आत्ता घेतो."

घेतलं. स्वागताला पुष्पगुच्छाचं चित्रही आलं. आप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही. मधल्या दिवसांचे मेसेज दिसेनात, म्हणून त्यांनी युवा नेत्यालाच परत फोन लावला.

"आधी आईला दे. मग तू सांग, रविवारपासून काय काय झालं."

त्या माउलीशी बोलणं झाल्यावर युवा नेत्याने पाऊण तास गावाचं बातमीपत्र दिलं. स्वतःच्या सत्काराकडे वळला की आप्पा म्हणत, "ते ऱ्हाऊ दे. तुमची म्हैस कशी हाय?"