तिले पाठ म्हन्तात

मी बुलढाण्याची. वडील कचेरीत कारकून, आई शाळेत शिक्षिका. समुपदेशन शिकायला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात बोलता बोलता 'मले' म्हणून गेले आणि सगळे हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. त्यानंतर मी जपून बोलायला लागले. दोन वर्षांनी परत आले तेव्हा माझ्या बोलण्यावरून मी कुठली हे कुणाला ओळखू आलं नसतं, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

परत आल्यावर एका संस्थेच्या गाडीवर कामाला लागले. पांढरी, मोठी गाडी. मागच्या सीट काढून तिथे सतरंजी अंथरलेली, दोन्ही बाजूंना पुस्तकं, पाट्या, रंगांचे डबे. मोताळा तालुक्यात रोज एक गाव घ्यायचं, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं आणि ज्यांच्या मनावर काही ओझं असेल त्यांच्याशी बोलायचं. गाडी चालवायला देऊळघाटचे एक चाचा होते, साठीला आलेले. गाडीवर 'मानसिक आरोग्य' असं लिहिलेलं असल्यामुळे सुरुवातीला पारावरची माणसं "पागलांची गाडी आली" म्हणायची आणि बाया मुलांना आत धाडायच्या नाहीत. काही बाया येऊन बीपीच्या गोळ्या मागायच्या. चाचा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "दवाई नाही ताई, पुस्तकं हायेत. पाहून तर घ्या."

बुधवारी आम्ही धामणगाव बढेच्या पुढच्या एका छोट्या गावात जायचो. तिथल्या शाळेचे सर पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "चौथीत एक मुलगी आहे. वर्षभर शाळेत एक शब्द बोललेली नाही. वहीत सगळं बरोबर लिहिते, पण तोंड उघडत नाही."

तिच्या आईला भेटले. ती कापूस वेचायला निघाली होती. "घरी तं लय बोलते हो मॅडम," ती म्हणाली. "तिसरीत असतानी शाळेत आलेल्या पाव्हन्यांसमोर धडा वाचाले उभी केली. एका शब्दावर अटकली. लेकरं हासली. तवापासून शाळेत गप."

मी तिला दर बुधवारी गाडीत बोलवायला लागले. काहीच विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. ती चित्रं काढायची, मी शेजारी बसून माझं काढायचे. पाच-सहा बुधवार असेच गेले. एकदा तिनं काळ्या खडूनं एक जनावर काढलं, कानाजवळ पांढरा ठिपका सोडला. मी म्हटलं, "किती छान बकरी काढलीस!"

तिनं मान वर न करता म्हटलं, "बकरी नाही ते. पाठ हाय."

मी हळूच विचारलं, "पाठ म्हणजे?"

आता तिनं माझ्याकडे बघितलं, मठ्ठ पोराकडे मास्तरीण बघते तसं. "जिले अजून पिल्लू नाही झालं, तिले पाठ म्हन्तात. तुमाले मालूम नाही?"

"मले मालूम नव्हतं," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'मले' कसं आलं ते माझं मलाच कळलं नाही.

त्या दिवशी मी फार खूश होते. आणि त्या खुशीतच चूक केली. गाडीतून उतरले ती थेट सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. भला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाला त्यांनी तिला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "आज आपली ही मैत्रीण सुविचार सांगणार आहे."

पुढच्या बुधवारी गाडी थांबताच मुलींनी मला ते सांगितलं. "मॅडम, ते रडत घरी पयाली. तवाची शाळेत नाही आली."

मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. चाचांनी चहा आणून दिला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तिनं तुमाले सांगितलं होतं. सरले नाही."

संध्याकाळी तिची आई शेतातून आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मुलगी दाराआड उभी होती, फ्रॉकची कड तेवढी दिसत होती. मी ओट्यावर बसले आणि दाराकडे बघून म्हणाले, "तू मले सांगितलं होतं. मी तुले न इचारता सरले सांगितलं. माह्यं चुकलं."

तिची आई ओशाळली. "लेकराले काय माफी मांगता मॅडम!"

मी थोडा वेळ थांबून निघाले.

त्यानंतरच्या बुधवारीही ती आली नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी आली, पण आत चढली नाही. पायरीशी उभी राहून तिनं विचारलं, "आता कोनाले सांगसान का?"

"तुले इचारल्याबिगर नाही."

तिनं चपला काढल्या आणि ती आत आली.

सरांनाही फार लागलं होतं. ते म्हणाले, "मला वाटलं कौतुक केलं की धीर येईल." मग आम्ही तिघांनी ठरवलं, म्हणजे तीच ठरवायची आणि आम्ही ऐकायचो. आधी तिनं गाडीत फक्त एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. मग दोन मैत्रिणींना. मग सर बाहेर चाचांसोबत चहा पीत बसायचे आणि ती गाडीची खिडकी उघडी ठेवून वाचायची. कधी वाचायची, कधी खिडकी लावून घ्यायची. लावली की सर उठून शाळेत जायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीला आठवडा उरला होता, तेव्हा सर गाडीपाशी आले. "तिला विचारून सांगतोय," ते म्हणाले. "आज हजेरी घेताना तिनं 'हजर' म्हटलं. मी मान वर केली नाही. पुढचं नाव घेतलं."

आता ती धामणगावच्या शाळेत जाते. अजूनही वर्गात कमीच बोलते, असं तिची आई सांगते. आमच्या गाडीचा मार्ग बदलला, बुधवारी आम्ही दुसरीकडे असतो. गेल्या महिन्यात धामणगावच्या बाजारात चाचांनी ती मला दाखवली. दोन मैत्रिणींसोबत बांगड्यांच्या दुकानापुढे उभी होती. हिरव्या घ्यायच्या की लाल, यावर तिघींचं जोरात चाललं होतं. मी हाक मारणार होते, पण तिला मधेच तोडावंसं वाटलं नाही. आम्ही भाजी घेतली आणि निघालो.