डावं मागचं चाक

सीताराम मिस्त्रींकडे गाडी नेली की काय झालंय असं ते कधी विचारत नसत. आधी चाकाजवळ उकिडवे बसत, डोळे मिटत आणि टायरवरून तळवा फिरवत. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. मग फडक्याला हात पुसून दुखणं सांगत. महाडला हमरस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. "माणूस दुखणं लपवतो, मास्तर. टायर नाय लपवत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते वर्गातल्या मुलांनाही ऐकवलेलं आहे.

एकदा एक डॉक्टर आपली फियाट घेऊन आले आणि चाकं वाकडी झाल्याचं मोठ्या अधिकारवाणीनं सांगू लागले. मिस्त्रींनी हात फिरवला आणि डोळे न उघडताच म्हणाले, हवा जास्त भरता. टायर मधोमध झिजलं होतं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी चहा मागवला आणि मला सगळं शास्त्र समजावलं. मध्ये झिजलं तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली आणि टायर बदलूनही तीच झिजत राहिली, तर खोट गाडीच्या अंगात. मग चाक सरळ आहे का बघायला सुतळी ताणायची, ओळंबा सोडायचा. केलेल्या प्रत्येक कामावर ते टोकदार पंच ठोकून लोखंडात तीन ठिपके उठवत. आपलं काम आपल्याला ओळखता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा पोलादपूरला शिक्षक होतो. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, डावं अंग अर्धांगानं गेलं होतं आणि दर आठवड्याला त्यांना महाडला दवाखान्यात न्यावं लागे. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नसे. म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे जुनी गाडी घेताना आपला मिस्त्री नेऊन ती पास करून घ्यायची पद्धत होती. त्यानं मान डोलावली की व्यवहार ठरला. खेडच्या एका कंत्राटदाराची अँबॅसिडर होती. मी मिस्त्रींना घेऊन गेलो. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "घ्या मास्तर. अण्णा राजासारखे फिरतील." मी डोळे झाकून घेतली.

चार महिन्यांत मागचं डावं टायर आतल्या कडेनं खरवडल्यासारखं झालं. मी मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, पाटा बसलाय, चाकावरची स्प्रिंग दबलीय. पाटा बदलला. पुढच्या वेळी म्हणाले, हवा. मग म्हणाले, टायरच हलक्या जातीचं. नवं घातलं, तेही त्याच कडेनं झिजलं. या साऱ्यात माझ्या गाडीच्या त्या चाकावर त्यांनी एकदाही तळवा ठेवला नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ज्याच्यावर भरवसा टाकला, त्याच्याकडे कोण असं तपासून बघतो?

शेवटी त्यांनी सांगितलं, अण्णा डावीकडे बसतात, वजन त्याच बाजूला पडतं, त्यांना उजवीकडे बसवा. अण्णांचं वजन तेव्हा शेरडाएवढं उरलं होतं. डावीकडून उतरताना ते कडेच्या जमिनीवर माझ्या आधारानं सुखरूप उभे राहत. उजवीकडून उतरायचं म्हणजे भर रस्त्यात, ट्रकांच्या वाऱ्यात. तरी ते बसले. "शितारामनं सांगितलंय ना? मग बरोबरच असंल," म्हणाले. सहा महिने ते तसे उतरले.

एके दिवशी दवाखान्यातून परतताना टायर फुटलं. गाडी कशीबशी थांबली. अण्णांचं कपाळ दारावर आपटलं. रक्त पुसताना ते म्हणाले, "मी नीट बसलो नव्हतो काय रे?"

त्या रविवारी मी फुटलेलं टायर बदलून गाडी शाळेच्या सपाट फरशीवर उभी केली आणि मिस्त्रींनीच शिकवल्याप्रमाणे ओळंबा सोडला. उजवं चाक सरळ होतं. डावं चाक वरच्या बाजूनं बोटभर आत कललेलं. खाली शिरून दोन चाकांमधल्या आक्सलच्या नळीवरचा चिखल खरवडला. काळ्या रंगाखाली भाजल्याच्या खुणा, त्यावर जोडलेली लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला तीन ठिपके. 

मी शेडवर जाऊन विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी नाकारलं नाही. कंत्राटदाराची गाडी कशेडी घाटात आपटली होती, तेव्हा आक्सल तापवून, जॅक लावून त्यांनीच सरळ केला होता. पास करताना त्यांना खरंच वाटलं होतं, की तो सरळ आहे. पहिलं टायर पाहिलं त्याच दिवशी समजलं, की नाही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही माझा हात मानत होता, मास्तर. तुमच्यापुढं चुकलो म्हणायला जीभ रेटंना."

"आणि अण्णांची जागा?"

मिस्त्रींनी फडकं उचलून हात पुसले. दुसरा आक्सल फुकट बसवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. गाडीचं मला काही वाटलं नव्हतं. एका आजारी माणसाला त्यांनी आपली अब्रू झाकायला वापरलं, आणि त्या माणसानं ती विश्वासानं झाकली, हे मला आजही सहन होत नाही. मिस्त्री जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना माफ केलेलं नाही.

त्यानंतर लगेचच मी गाडी विकायला काढली होती. बिरवाडीला खोली घेऊन राहणारा कारखान्यातला एक कामगार बघायला आला, आणि कुणीतरी नाव सुचवलं म्हणून पास करायला बरोबर सीताराम मिस्त्रींनाच घेऊन आला. खोट सांगायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण माझं तोंड उघडलं नव्हतं, हेही खरं. मिस्त्री चाकाजवळ बसलेदेखील नाहीत. उभ्याउभ्याच त्याला म्हणाले, "घेऊ नको. मागचा आक्सल वाकडा हाय. मीच सरळ करायला गेलो, जमलं नाय."

एवढं बोलून ते रस्त्याला लागले. तो कामगार माझ्याकडे बघत राहिला आणि मी मिस्त्रींच्या पाठीकडे. दीड वर्षं मी जे परोपरीनं विचारत होतो, ते त्याला एका दमात मिळालं होतं. त्या माणसाचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.