वर चढणारीचे उपास

चीअरलीडिंग म्हणजे मैदानाच्या कडेला झिरमिळ्या हलवणाऱ्या मुली, असं मी धरून चालले होते. अमेरिकेत अर्विंगला मुलाकडे राहायला आले तेव्हा नात या खेळात चांगली मुरलेली होती. झिरमिळ्या कुठेच दिसल्या नाहीत. गोदामासारखी शेड, खाली निळी गादी आणि तिच्यावर कोलांट्या मारणाऱ्या मुली. यांना दुसऱ्यांच्या सामन्यात ओरडायचं नसतं, सामना यांचाच असतो. दोन-अडीच मिनिटांत उड्या, नाच, मनोरे सगळं दाखवायचं. कुणी डगमगली की गुण कापतात. हसायचंही असतं, त्याचेही गुण असतात.

मनोऱ्यात दोघी खाली राहून तिसरीचे पाय तळहातांवर पेलतात. त्या बेस. एक मागे उभी असते, वरची पडलीच तर तिची मान सांभाळायला. वर जाते ती फ्लायर. माझी नात फ्लायर होती.

"आई, आपली दहीहंडीच समज," मुलगा म्हणाला.

"हंडी वर्षातून एकदा असते," मी म्हटलं. "हे दर मंगळवारी आणि शनिवारी."

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि नातीने संकष्टी धरली. मग एकादशी. मग मंगळवार, मग शनिवार. सुनेला कोण आनंद. घरी आलेल्या तिच्या मैत्रिणी मला म्हणायच्या, "काकू, तुमचेच संस्कार."

"माझे नाहीत. मी उपास करतच नाही."

त्यांना तो विनोद वाटायचा.

सून हौसेने साबुदाण्याची खिचडी करायची. उपासाला माणूस एरवीपेक्षा जास्त खातो. ही दोन चमचे घ्यायची आणि "आज्जी, आय ॲम फुल" म्हणून उठायची. संकष्टीला तर चंद्र उगवायच्या आत झोपायला गेली. आणि मंगळवार-शनिवार हे क्लासचे दिवस. देवाला नेमके तेच सापडले होते.

माझ्या आईचेही असे उपास असायचे. भाकऱ्या कमी पडल्या की ती म्हणायची, आज माझा उपास आहे. कुठला, ते कुणी विचारत नसे. आम्ही खायचो. देवाच्या आड दडवलेली भूक मला ओळखू येते.

एका दुपारी नातीला स्वयंपाकघरात गाठलं. "कोण काय म्हणालं तुला?"

"नोबडी." मग ओट्याकडे बघत म्हणाली, "माझ्या बेसचा हात दुखतो. ती म्हणाली, मी हेवी झाले. जोक केला तिने."

"तू काय केलंस?"

"हसले. सगळेच हसले." मग हळूच म्हणाली, "मी खाली आले तर दुसरी वर जाईल, आज्जी. मम्मीला सांगू नको."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सून म्हणाली, "तुम्ही देवधर्म मानत नाही, म्हणून तिनेही मानायचा नाही का?" मुलगा म्हणाला, "कोच बघतात ना, आई. ट्रेन्ड लोक असतात ते."

पुढच्या शनिवारी मी सुनेबरोबर क्लासला गेले. मुलींनी नातीला वर उचललं. तिने एक पाय वर धरला, हसली. मग डोळे मिटले. हसू तसंच राहिलं. मला वाटतं, तेवढ्यात फक्त मीच उठून उभी राहिले होते. ती कोसळली. मागच्या मुलीने मान धरली म्हणून निभावलं.

कोचबाई धावत आल्या. सून त्यांना म्हणाली, "शी इज फास्टिंग. इट्स रिलिजस." बाईंनी आदराने मान हलवली. धर्म म्हटला की इथे पुढचं कुणी विचारत नाही.

मी चपलांसकट गादीवर गेले. "नो गॉड," मी म्हटलं. "शी नो ईट. मेनी वीक."

सुनेचा चेहरा उतरला. कोचबाई नातीजवळ बसल्या आणि हळू आवाजात काहीतरी विचारत राहिल्या. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

तिला फ्लायरच्या जागेवरून काढलं. आता ती मागे उभी राहून दुसरीची मान सांभाळते. वर एक लहानखुरी मुलगी जाते. गाडीत नात मला एवढंच म्हणाली, "यू रुइन्ड इट." तिच्या आईला तिने सांगितलंय, पुढच्या सीझनला परत वर जाणार.

उपास बंद झाले. पानात वाढलेलं सगळं खाते, मान वर न करता, भराभरा. सून म्हणते, "बघा आई, जेवायला लागली की नाही?"

जेवते. जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाते. कडी लागते, नळ मोठा सोडलेला असतो. एवढं जेवून तिच्या दंडावर थोडं मांस चढायला हवं होतं. तो आणखी बारीक झालाय. मी दाराला कान लावते. पाण्याच्या आवाजाखाली ओकारीचा आवाज येतो. मी दार वाजवते. नळ आणखी मोठा होतो.