अण्णांची राहून गेलेली दुरुस्ती

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच फोनवर अडकलो होतो. टीव्ही चॅनलच्या त्या नंबरावर, जिथे बाई गोड आवाजात ‘कृपया प्रतीक्षा करें’ म्हणते आणि मग लाइन कटते. काम अण्णांचंच होतं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी नाकातली नळी बाजूला सारून विचारलं होतं, ‘‘काय बोलले ते लोक? सुधारून राह्यले का नाही?’’ मी नकारार्थी मान हलवली. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला.

अण्णा माझे चुलतभाऊ, वयानं बरेच मोठे. आम्ही दोघं कागद कारखान्यात नोकरीला आणि ते कारखान्याच्या हॉकी संघाचे गोलकीपर. निवृत्तीनंतर ते शहरात, राजपुऱ्यात राहायला आले, तेव्हा खेळांच्या एका वेबसाइटनं त्यांना एक विचित्र काम दिलं. व्यावसायिक लीगमधल्या एका हॉकी संघाच्या सामन्यांचं समालोचन तपासायचं. समालोचक जे ठोकून देतो त्यात खरं किती, ते सांगायचं. अण्णा आधी आवाज बंद करून सामना पाहायचे, मग आवाज लावून. ‘‘आवाज चालू ठेवला ना, तर डोळे त्याचंच ऐकतात,’’ म्हणायचे. ते बोलत, मी मोबाइलवर टाइप करून पाठवी. घरीदारीही तोच खाक्या. कोणी म्हणालं, केळीला असा भाव कधीच नव्हता, की अण्णा लगेच, ‘‘खरंच नव्हता, का तुला आठवत नाही?’’ लग्नकार्यात त्यांच्या शेजारच्या पाटावर बसायला लोक कचरायचे. मीही वैतागायचो.

त्या संघाचा गोलकीपर आमच्याच भागातल्या देडतलाई गावचा दिनेश. त्याला पॅड बांधायला अण्णांनीच शिकवलेलं. गेल्या मोसमात एका पेनल्टी कॉर्नरवर गोल झाला, संघ हरला आणि समालोचक ओरडला, ‘‘कीपर तो सो रहा था!’’ तेवढा तुकडा मोबाइलमोबाइलवर फिरला. अण्णांनी तो गोल आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला. आपला पोरगा म्हणून जास्तच कडक नजरेनं. चेंडू दिनेशच्याच संघातल्या बचावपटूच्या स्टिकला लागून वळला होता. दिनेश योग्य बाजूला झेपावला होता, चेंडूच दुसरीकडे गेला, त्याला तो काय करणार? वेबसाइटनं दुरुस्ती छापली. वाचली बहुतेक मी आणि अण्णांनीच. चॅनलला चूक सुधारायला सांगितलं, तर त्यांनी दाद दिली नाही. संघानं दिनेशचा करार वाढवला नाही... कारण विचारलं तर म्हणे, ‘‘सबने देखा है.’’ मी चिडून म्हणायचो, सोडा ना अण्णा, तुमच्या एकट्याच्यानं काय होणार? ‘‘अरे, एवढं ढळढळीत समोर दिसून राह्यलं,’’ ते म्हणायचे, ‘‘आणि पोराचं नाव खराब होऊन राह्यलं.’’ आणि ताटात निम्मं तसंच ठेवून उठायचे.

दहाव्याला नदीवर, राजघाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, खाली एकही येईना. गेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून घरची माणसं पुढे होऊन शब्द देतात. अण्णांच्या मुलानं हात जोडले, ‘‘आईला सांभाळीन.’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘माझी काळजी करू नका हो.’’ कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. मग एकेक जण माझ्याकडे पाहू लागला. काय राहिलंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गुरुजी हळूच म्हणाले, ‘‘बोलून टाका भाऊ, दुरुस्ती होईल म्हणून. बोलायला काय जातं?’’

मी हात जोडले. ‘‘अण्णा, ती दुरुस्ती...’’ इथवर आलो आणि जीभ अडली. होईल म्हणू? कोणाच्या भरवशावर? या माणसासमोर उभ्या जन्मात मला अंदाजपंचे एक वाक्य बोलता आलं नव्हतं, आणि आज तर ते उलट विचारणारही नव्हते. मला रडू फुटलं. मागून दिनेशनं माझा खांदा धरला.

‘‘राहू द्या काका,’’ तो म्हणाला. ‘‘अण्णांना खोटं नाही चालायचं.’’

कावळा शिवलाच नाही, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.