येर्बाची चार पाकिटं

माझी सून अर्जेंटिनाची. मुलाच्या आणि तिच्या घराचं काम पुरं होईपर्यंत दोघं आमच्याकडे, इथे परदेशात स्टॅनमोरला, राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात वाळक्या भोपळ्याचा एक छोटा तुंबा आणि धातूची नळी होती. रोज सकाळी ती तुंब्यात येर्बा माते नावाचा हिरवा पाला भरायची, त्यावर गरम पाणी ओतायची आणि नळीने ओढायची. तुंबा रिकामा झाला की त्याच पाल्यावर पुन्हा पाणी ओतून माझ्या हातात द्यायची. नळी तीच. उष्ट्याचा विचार मी पहिल्याच दिवशी गिळून टाकला, कारण मला सुनेशी गट्टी जमवायची होती, आणि तीही लगेच. धीर मला कधीच नसतो.

पण तुंबा मला एकदाच मिळायचा. मी 'थँक यू' म्हणून परत करायचे, ती गोड हसायची आणि मग एकटीच चार-पाच वेळा भरून प्यायची. जेवताना मी तिला इतका आग्रह करते की ती शिकलेला पहिला मराठी शब्द 'पुरे' हा आहे. आणि ही मात्र एका तुंब्यावर हात आखडता घेते! मला वाटलं, पाला कडूजहर, माझं वाकडं झालेलं तोंड हिने पाहिलं असणार. म्हणजे मला रुचेल असा येर्बा शोधला की काम झालं.

मग काय, हौसेला मोल नाही. चार पाकिटं मागवली आणि सून कामावर गेली की एकेक चाखायला लागले. पहिल्यातला पाला चहाच्या सवयीने पातेल्यात आलं घालून उकळला आणि सरळ सिंकमध्ये ओतला. पाणी उकळू द्यायचं नाही, हे पाकिटावर लिहिलं होतं. पण वाचतंय कोण. नीट केला तरी तो नुसत्या पानांचा येर्बा काढ्याच्या वरताण निघाला. संत्र्याची साल घातलेला सरबताच्या वाटेने गेला. एकाला चुलीसारखा धुराचा वास, तो दोन घोटांपुरता बरा. चौथ्यात पानांबरोबर बारीक काड्या होत्या. आधी कडू लागला, मग मागे गोडसर चव ठेवून गेला. हाच तो. मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

शनिवारी ते पाकीट सुनेपुढे ठेवलं. ती खूश झाली. पहिला तुंबा ती प्यायली, दुसरा मला दिला. मी शेवटचा थेंब खुर्रकन ओढला आणि अगदी मनापासून 'थँक यू सो मच' म्हटलं. तिने तुंबा भरला आणि स्वतःच्याच तोंडाला लावला.

माझं डोकं फिरलं. "मला एकच का देतेस?" मी विचारलंच.

ती गोंधळली. "पण तुम्हीच रोज नको म्हणता," ती इंग्रजीत म्हणाली. त्यांच्याकडे तुंबा परत देताना आभार मानले की आता बस, असा अर्थ. आणखी हवा असेल तर काही न बोलता द्यायचा.

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. माहेरी जेवण वाढताना आईला कुणी थँक यू म्हटलं असतं, तर तिने विचारलं असतं, मी काय परकी आहे? इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं नोकरी करून ते शब्द माझ्या जिभेला चिकटले, ते घरातही सुटत नव्हते.

तिने तुंबा भरला. मी प्यायले, दात आवळून गप्प बसले, परत दिला. तो पुन्हा आला. पाचव्या खेपेला पोट तुडुंब झालं, तरी मी काही ते दोन शब्द उच्चारेना.

शेवटी तिनेच विचारलं, "आई, पुरे?"

मी तुंब्यासाठी नुसता हात पुढे केला.